गांधीलमाशीचा डंख आणि छातीतली कळ: ॲलर्जीमुळे हृदयविकाराचा झटका येतो का?

प्रश्न (फोंडा तालुक्यातल्या एका भगिनीचा, थोडक्यात): माझे यजमान ४८ वर्षांचे. बीपी नाही, साखर नाही, तंबाखू-सिगारेट नाही. कुळागरात पोफळीच्या सुकलेल्या झावळ्या ओढताना गांधीलमाश्यांचं पोळं हललं आणि मानेवर, हातावर तीन-चार डंख बसले. पंधरा-वीस मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. मग छातीवर दाब, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. आरोग्य केंद्रात इंजेक्शन दिलं, इसीजी काढला आणि १०८ ने बांबोळीला पाठवलं. अँजिओग्राफीत एकही ब्लॉक सापडला नाही. घरी सोडताना कागदावर 'कौनिस सिंड्रोम' लिहिलंय. हा खरा हार्ट अटॅक होता का? पुन्हा येईल का? कुळागरात जाणं आणि मासे खाणं बंद करायचं का? घरात सासरे आहेत, त्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय. त्यांना माशी चावली तर?

उत्तर:

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरात त्यावरून दोन मतं पडलेली असणार. हो, तो खराच होता. इसीजी बदलला होता, छातीत लक्षणं होती, आणि तुम्ही पाठवलेल्या कागदांत ट्रोपोनिन वाढल्याची नोंद आहे. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याशिवाय ट्रोपोनिन रक्तात उतरत नाही. अँजिओग्राफी स्वच्छ निघाली म्हणून 'काही नव्हतंच, घाबरले होते' असं कोणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका. तपासणी झाली तोवर रक्तवाहिनी पुन्हा मोकळी झाली होती, एवढाच त्या स्वच्छ चित्राचा अर्थ.

ग्रीसमधल्या पात्रास शहरातले हृदयरोगतज्ज्ञ निकोलस कौनिस यांनी सहकारी झाव्रास यांच्याबरोबर १९९१ साली हे दुखणं नीट मांडलं, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. ॲलर्जीच्या प्रतिक्रियेत शरीरात जी द्रव्यं मोकळी होतात, त्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळू शकतात आणि त्यातून छातीत कळ, अगदी झटकासुद्धा येऊ शकतो, हे त्यांचं म्हणणं. तसा रुग्ण त्याआधी कोणी पाहिला नव्हता असं मात्र नाही. पेनिसिलिनची प्रतिक्रिया लांबत गेलेल्या एका रुग्णाला हृदयविकाराचा झटका आल्याची नोंद १९५० सालच्या अमेरिकन वैद्यकीय साहित्यात सापडते. त्वचेवरचं दुखणं एका विभागाकडे आणि छातीतलं दुसऱ्याकडे अशी आमची वाटणी असल्यामुळे दोन्ही एकत्र बघायला पुढे चाळीस वर्षं गेली. आजही ती वाटणी पुरती मिटलेली नाही, आणि मला या विषयावर सविस्तर लिहावंसं वाटतं ते त्यासाठीच.

शरीरात काय घडतं ते सांगतो. आपल्या शरीरात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्वचा, नाक, श्वासनलिका, आतडी, म्हणजे जिथे जिथे बाहेरच्या जगाशी संबंध येतो तिथे त्या दाटीने असतात. हे बऱ्याच लोकांना ठाऊक असतं. याच पेशी हृदयातही असतात, हे फारसं ठाऊक नसतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी रक्तवाहिन्यांच्या भोवती, स्नायूंच्या धाग्यांमध्ये आणि त्या वाहिन्यांत साठलेल्या चरबीच्या थरातही त्या आढळतात. एखाद्या पदार्थाविरुद्ध शरीराने आधी कधीतरी आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार केलेली असतात आणि ती मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर बसून असतात. तोच पदार्थ पुन्हा रक्तात आला की तो या प्रतिद्रव्यांना चिकटतो आणि मास्ट पेशी आपल्या पोटातला सगळा साठा काही मिनिटांत बाहेर टाकते.

या साठ्यात हिस्टामिन असतं. त्याने त्वचेवर गांधी उठतात, पण कोरोनरी वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूवर त्याचा परिणाम उलटा होतो: वाहिनी आवळते. ल्युकोट्राइन आणि प्लेटलेट सक्रिय करणारी द्रव्यं असतात. तीही वाहिनी आवळतात, शिवाय रक्तातल्या प्लेटलेटना गोळा व्हायला लावतात. ट्रिप्टेज आणि कायमेज ही विकरं चरबीच्या थरावरचं संरक्षक आवरण कुरतडू शकतात, आणि कायमेज तर जागच्या जागी अँजिओटेन्सिन-२ तयार करतं, जे स्वतःच वाहिन्या आवळणारं आहे. थोडक्यात, वाहिनी आवळणं, गुठळी होणं आणि आधीपासून असलेला थर फुटणं या तिन्हींची तयारी एकाच वेळी होते. म्हणून डंख हातावर बसलेला असताना छातीत काय झालं असेल, याचा विचार करावाच लागतो.

यजमानांच्या बाबतीत वाहिन्या मुळात निरोगी होत्या आणि त्या फक्त आवळल्या. याला पहिला प्रकार म्हणतात. दुसऱ्या प्रकारात वाहिनीत आधीच चरबीचा थर असतो, माणसाला त्याची जाणीवही नसते, आणि प्रतिक्रियेच्या वेळी तो थर झिजतो किंवा फुटतो. हेलसिंकीच्या पेट्री कोव्हानेन यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवलं होतं की, झटक्याने दगावलेल्या रुग्णांच्या वाहिनीत जिथे थर फुटला होता त्या जागी मास्ट पेशी जमलेल्या आणि रित्या झालेल्या दिसतात. तिसरा प्रकार स्टेंट असलेल्यांचा. तुमच्या सासऱ्यांशी त्याचा संबंध येतो, त्याकडे नंतर येतो.

वाहिनी आवळली नाही तरी हृदय अडचणीत येण्याचा आणखी एक रस्ता आहे, आणि घरच्या माणसांच्या हातात काही असेल तर ते इथेच. तीव्र प्रतिक्रियेत, जिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरू लागतात. रक्तातला ३५ टक्क्यांपर्यंतचा द्रव दहा मिनिटांत वाहिन्यांबाहेर जाऊ शकतो. हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, बीपी कोसळतं आणि कोरोनरी वाहिन्यांतला दाबही पडतो. अशा वेळी माणसाला उठवून बसवणं किंवा उभं करणं घातक ठरतं. ब्रिटनमधले डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी तिथल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा अभ्यास केला. रुग्णालयाबाहेरच्या काही मृत्यूंत त्यांना आढळलं की रुग्णाला आडवं असताना उठवलं किंवा बसतं केलं, आणि काही क्षणांत हृदय थांबलं. हृदयात भरायला रक्तच उरलं नव्हतं.

आपल्याकडे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. माणूस कोसळला की त्याला स्कूटरवर दोघांच्या मध्ये धरून दवाखान्यात नेतात. नेणाऱ्यांची तळमळ मी जाणतो. कुळागरापासून रस्त्यापर्यंत चढण असते, गाडी खाली येत नाही, फोनला रेंज नसते. तरीही सांगतो: डंखानंतर किंवा औषधानंतर अंगावर गांधी उठून चक्कर येत असेल तर माणसाला आहे तिथे सपाट झोपवा, पाय एखाद्या पाटीवर किंवा ओंडक्यावर उंच ठेवा आणि १०८ ला तिथे बोलवा. जीपच्या मागच्या भागात झोपवून नेता येत असेल तर तसं न्या. दम लागत असेल तर पाठीला आधार देऊन अर्धवट टेकवा, पण पाय सरळ लांब ठेवा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. बरं वाटू लागलं म्हणून लगेच चालवत नेऊ नका.

वेळ किती असतो? पम्फ्री यांच्याच अभ्यासात, जे रुग्ण दगावले त्यांच्यात हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मधला काळ टोचलेल्या औषधांच्या बाबतीत ५ मिनिटं, कीटकांच्या डंखात १५ मिनिटं आणि अन्नाच्या बाबतीत ३० मिनिटं असा होता. बहुतेक प्रतिक्रिया इथवर जात नाहीत. पण कोणती जाईल हे पहिल्या पाच मिनिटांत मीसुद्धा सांगू शकत नाही.

आता इंजेक्शनाविषयी. तुमच्या यजमानांना आरोग्य केंद्रात मांडीत ॲड्रेनालिन दिलं होतं, असं कागदावरून दिसतं, आणि ते योग्यच झालं. प्रौढांना अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा, असा त्याचा प्रघात आहे. हे औषध वाहिन्या घट्ट करून बीपी वर आणतं, श्वासनलिका मोकळ्या करतं आणि मास्ट पेशींना आणखी साठा सोडण्यापासून आवरतं. ही तिन्ही कामं करणारं दुसरं औषध आपल्याकडे नाही. अनेक ठिकाणी पहिल्यांदा एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड देतात आणि ॲड्रेनालिन राखून ठेवतात. एव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात, बीपी वर येत नाही. स्टिरॉइडचा परिणाम व्हायला तास लागतात. दोन्ही मागाहून द्यावीत.

प्रश्न अवघड होतो तो छातीत कळ असेल तेव्हा. ॲड्रेनालिन हृदयाचा वेग वाढवतं, आणि आवळलेली वाहिनी आणखी आवळण्याची शक्यताही त्यात असते. म्हणून काही डॉक्टर बिचकतात. वर्षानुवर्षं असे रुग्ण पाहून माझं ठाम मत असं झालंय: बीपी पडलंय, दम लागलाय, घसा सुजतोय, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस आहे, तर ॲड्रेनालिन आधी. छातीत कळ आहे म्हणून ते थांबवू नये, कारण बीपीच नसेल तर मोकळ्या वाहिनीतूनही हृदयाला रक्त मिळत नाही. मात्र ते स्नायूत द्यावं. शिरेतून झटकन दिलेल्या मोठ्या डोसाने हृदयाची लय बिघडते, आणि ॲड्रेनालिनच्या नावावर जमा असलेले बरेच अपघात त्यातून झालेले असतात. उलट बीपी चांगलं आहे, श्वास ठीक आहे, फक्त गांधी आणि छातीत कळ आहे, तर वाहिनी सैल करणाऱ्या औषधांचा आणि ॲलर्जीविरोधी औषधांचा आधी विचार होतो. हा निर्णय समोर रुग्ण असलेल्या डॉक्टरांचा. कागदावरून तो करता येत नाही.

नेहमीच्या झटक्याची काही औषधं इथे जपून वापरावी लागतात. मॉर्फिनने मास्ट पेशी आणखी रित्या होऊ शकतात. दुखणं कमी करायचंच असेल तर फेंटानिल बरं. हृदयाचा वेग कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर औषधांमुळे वाहिनी जास्त आवळू शकते आणि ॲड्रेनालिनचा परिणामही बोथट होतो. बीपी पडलेलं असताना जिभेखालची नायट्रेटची गोळी ते आणखी पाडते. ॲस्पिरिन झटक्यात जीव वाचवतं, पण प्रतिक्रियाच जर ॲस्पिरिनने किंवा दुखण्याच्या गोळीने आली असेल तर तेच औषध पुन्हा दिल्यासारखं होतं. म्हणून दवाखान्याच्या दारातच 'आधी अंगावर गांधी उठल्या, मग छातीत दुखलं' हे वाक्य बोललं गेलं पाहिजे. तुम्ही ते बोललात, म्हणून निदान लागलं. बऱ्याच घरांत ते बोललं जात नाही. अंगावर उठलं ते पित्त, छातीत जळजळतं तेही पित्त, असं समजून सोलांचं पाणी अंगाला लावतात, थोडं पाजतात आणि सकाळची वाट बघतात. गांधींची खाज त्या पाण्याने थोडी शमेलही. पण गांधींबरोबर छातीत काहीही होत असेल तर इसीजी निघालाच पाहिजे, त्याच रात्री. आणि गांधी नाहीत म्हणूनही निर्धास्त राहू नये. ॲनाफिलॅक्सिसच्या दहा-वीस टक्के रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही.

माझ्या व्यवसायातल्या मंडळींनाही दोन शब्द. प्रतिक्रिया घेऊन आलेला रुग्ण छातीला हात लावतो तेव्हा इसीजी एकदा काढून भागत नाही. आवळणं येतं आणि जातं, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी तो पुन्हा काढावा. गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या 'स्टेमी-गोवा' उपक्रमामुळे छोट्या केंद्रांतला इसीजी तज्ज्ञांपर्यंत लगेच पोचतो. त्यासोबत 'डंख' किंवा 'इंजेक्शननंतर' एवढा एक शब्द पोचला तर वाचणाऱ्याला दिशा मिळते. ट्रिप्टेजसाठी रक्त घ्यायची वेळही ठरलेली आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून एक-दोन तासांत घेतलेलं रक्त सर्वांत उपयोगी, नंतर पातळी उतरत जाते, आणि चोवीस तासांनंतर तुलनेसाठी दुसरा नमुना घ्यावा लागतो. या दुसऱ्या नमुन्यातल्या, म्हणजे एरवीच्या मूळ पातळीला १.२ ने गुणून त्यात २ मिळवले, आणि प्रतिक्रियेच्या वेळची पातळी त्याहून जास्त निघाली, तर मास्ट पेशी रित्या झाल्या होत्या असं धरतात. चाचणी तिथे होत नसली तरी रक्त घेऊन, सीरम वेगळं करून थंड ठेवता येतं. हे फार कमी वेळा होतं, आणि महिन्याभराने रुग्ण माझ्यासमोर येतो तेव्हा अंदाजावर बोलावं लागतं.

तुमच्या यजमानांच्या कागदांत ट्रिप्टेज कुठे नाही. निदान त्यावाचूनही बसतं, पण मूळ पातळी अजून तपासता येईल आणि ती तपासावी असं मला वाटतं. डंखानंतर बीपी कोसळलेल्या काही माणसांत ही पातळी एरवीही वाढलेली सापडते, आणि मग मास्ट पेशींच्या मूळ विकाराचा शोध घ्यावा लागतो. तो विकार दुर्मीळ आहे. पण तो असेल तर पुढचा डंख जास्त जड जाऊ शकतो, म्हणून माहिती असलेली बरी.

पुन्हा येईल का? पुन्हा डंख बसला तर प्रतिक्रिया येण्याची शक्यता खरीच आहे. प्रत्येक वेळी हृदयावर परिणाम होईलच असं नाही. अमेरिकेतल्या २००७ ते २०१४ या काळातल्या रुग्णालयांच्या नोंदींत, ॲलर्जीच्या प्रतिक्रियेसाठी दाखल झालेल्यांपैकी साधारण १.१ टक्के रुग्णांत कौनिस सिंड्रोम आढळला होता. एकदा तो झालेल्या माणसाने मात्र या आकड्यावर विसंबू नये. घटनेनंतर चार ते सहा आठवडे गेले की ॲलर्जीतज्ज्ञांकडे जाऊन त्वचेची आणि रक्ताची चाचणी करा. त्याआधी मास्ट पेशी रित्या झालेल्या असतात, आणि चाचणी खोटीच नकारार्थी येऊ शकते. गांधीलमाशी की मधमाशी, हे त्यातून नक्की होतं. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो नखाने खरवडून लगेच काढावा. गांधीलमाशीचा राहत नाही आणि ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. विषाचे वाढते डोस देऊन शरीराची सवय करण्याची उपचारपद्धत आहे, आणि डंखाच्या ॲलर्जीत ती फार प्रभावी ठरते. ती सगळीकडे सहज मिळत नाही, तरी तज्ज्ञांना जरूर विचारा, कारण तुमची उपजीविका त्या कुळागरावर आहे.

कुळागर सोडायला मी सांगणार नाही. एकट्याने जाऊ नये, एवढं सांगेन. झावळी ओढण्याआधी वर आणि पानांच्या बेचक्यात बघून घ्यावं, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला फडकं असावं. पोळं दिसलं तर ते जाळायला स्वतः जाऊ नये, दुसऱ्याला सांगावं. ॲड्रेनालिनची पेनासारखी तयार सुई आपल्याकडे सहज मिळत नाही. एक मिलिलिटरची काचेची कुपी आणि सिरिंज मात्र स्वस्तात मिळते. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं आणि मांडीत कसं टोचायचं ते तुम्हा दोघांकडून करवून घेतलं, तर ती घरात आणि कुळागरातल्या खोपीत ठेवता येईल, उन्हापासून दूर. शिकल्याशिवाय ठेवू नका. घाबरलेल्या हातांनी कुपी फोडणं सोपं नसतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, बीटा-ब्लॉकर, हे सगळं डिस्चार्ज कार्डावर आहे. वाहिन्या स्वच्छ असलेल्या पहिल्या प्रकारात यांतलं सगळंच कायम लागत नाही. आवळण्याची प्रवृत्ती असेल तर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर जातीचं औषध अधिक उपयोगी पडतं. पण स्वतःहून काहीही बंद करू नका. पुढच्या तपासणीला तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना सरळ विचारा: कौनिस पहिला प्रकार आहे, तर बीटा-ब्लॉकर हवा का?

माशांबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं झालं. गांधीलमाशीच्या विषाचा आणि ताटातल्या माशांचा काही संबंध नाही. त्यांनी आयुष्यभर सुंगटं, कुर्ल्या, तिसऱ्या खाल्ल्यात आणि कधी काही झालं नाही, तर पुढेही खाव्यात. ज्यांना सुंगटांची ॲलर्जी असते त्यांच्यात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन कारणीभूत असतं. ते शिजवून नष्ट होत नाही आणि कुर्लीतही असतं. इसवण-बांगड्यातलं ॲलर्जीचं प्रथिन वेगळं असतं, म्हणून सुंगटं न चालणाऱ्याला इसवण बहुधा चालतं. आणि सुंगटं न चालणाऱ्या माणसाला अँजिओग्राफीचं औषध चालत नाही, कारण दोन्हीत आयोडीन असतं, ही समजूत चुकीची आहे. आयोडीनला ॲलर्जी नसते. या भीतीपायी आवश्यक अँजिओग्राफी लांबवलेली मी पाहिली आहे.

माशांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट मात्र आपल्या घराघरांत माहीत असायला हवी. बांगडे, तारले, कुपा, इसवण अशा गडद मांसाच्या माशांत हिस्टिडिन भरपूर असतं. मासळी पकडल्यापासून बर्फात राहिली नाही, टोपलीत उन्हात पडून राहिली, तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते तळून, हुमण करून किंवा डीप फ्रीझमध्ये ठेवून जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड-मान लाल होते, डोकं ठणकतं, धडधडतं, गांधी उठतात, कधी मासा जिभेला तिखट-झणझणीत लागतो. ही ॲलर्जी नव्हे, विषबाधा आहे, म्हणून एकाच पंगतीत जेवलेल्या अनेकांना ती एकदम होते. पण हिस्टामिन तेच, त्यामुळे कोरोनरी वाहिनी आवळून छातीत दुखल्याचे रुग्ण यातही नोंदले गेले आहेत. एकट्यालाच झालं की सगळ्यांना, हे डॉक्टरांना सांगा. एकट्याला झालं असेल तर ॲलर्जीची चाचणी लागते, सगळ्यांना झालं असेल तर आयुष्यभर बांगडा सोडायची गरज नाही. आणि बाजारात बर्फाविना उन्हात ठेवलेला बांगडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

समुद्राचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. ॲनाफिलॅक्सिसचा शोधच मुळी समुद्री जिवाच्या विषातून लागला. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर' या जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या निळ्या जिवाच्या विषावर काम सुरू केलं. पुढे पॅरिसला परतल्यावर समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचताना त्यांना दिसलं की पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या त्याहून कमी डोसाने मेला. संरक्षण मिळायचं तिथे घात झाला होता. रिशे यांना १९१३ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या किनाऱ्यांवर जेलीफिशचा डंख नवा नाही. बहुतेकांना फक्त आग होते. पण डंखानंतर धाप, चक्कर किंवा छातीत दाब आला तर 'जेलीफिशच तर आहे' म्हणून वाळूत बसून राहू नये.

घरात याहून जास्त वेळा धोका येतो तो औषधांतून. पेनिसिलिन गटातली आणि त्याच्या भावकीतली प्रतिजैविकं, डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची इंजेक्शनं आणि गोळ्या, भूल देताना वापरायची औषधं: कौनिस सिंड्रोमच्या नोंदींत ही पुन्हा पुन्हा येतात. पाठ दुखली म्हणून फार्मसीत जाऊन 'एक इंजेक्शन मारा' म्हणणं तुमच्या घरात इथून पुढे थांबायला हवं. काजूच्या गराचीही तीव्र ॲलर्जी असते. बियांच्या टरफलाच्या तेलाने हाताला फोड येतात तो त्वचेचा वेगळा दाह, त्याची हृदयाशी सांगड घालू नका.

आता सासरे. स्टेंट असलेल्यांमध्ये होणाऱ्या तिसऱ्या प्रकारात प्रतिक्रियेच्या वेळी स्टेंटमध्येच गुठळी होते किंवा वाहिनी स्टेंटच्या ठिकाणी पुन्हा अरुंद होते. अशा गुठळ्या काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यांत इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि मास्ट पेशी सापडल्या आहेत. स्टेंटचा धातू, त्यावरचा थर, त्यातलं औषध, सोबत घेतलेली गोळी किंवा बाहेरून आलेला डंख, कशानेही ठिणगी पडू शकते. हे क्वचित घडतं. सासऱ्यांना आजवर कशाची ॲलर्जी नाही, मग त्यांना माशी चावली तर बहुधा चावल्या जागी सूज येईल आणि जाईल. यजमानांना ॲलर्जी आहे म्हणून त्यांनाही असेल असं नाही. पण गांधी, चक्कर किंवा छातीत काहीही झालं तर त्यांच्या बाबतीत वाट पाहू नका.

त्यांच्या गोळ्यांची यादी मात्र खिशात हवी. ते बीटा-ब्लॉकर घेत असतील, आणि स्टेंटवाल्या बहुतेकांच्या पुडीत तो असतो, तर ॲड्रेनालिनचा परिणाम कमी पडू शकतो. अशा वेळी रुग्णालयात ग्लुकागॉन हे दुसरं औषध वापरतात, पण तशी गोळी चालू आहे हे डॉक्टरांना कळलं तरच. रामिप्रिल, एनालाप्रिल जातीच्या गोळीने ओठ-जीभ सुजणं हे आणखी एक वेगळं प्रकरण, त्यात गांधी उठत नाहीत, आणि तसं कधी झालं असेल तर ती गोळी कायमची बदलावी लागते. यांतली कोणतीही गोळी माशीच्या भीतीने बंद करायची नाही. प्लेटलेटवरच्या गोळ्या तर मुळीच नाही.

प्रतिक्रिया शमल्यानंतर काही तासांनी ती दुसऱ्यांदा उसळू शकते, म्हणून छातीत त्रास झालेल्या रुग्णाला निदान चोवीस तास मॉनिटरवर ठेवण्याचा आग्रह धरा, मग कितीही बरं वाटत असो. आणि यजमानांच्या पाकिटात एक कार्ड ठेवा. त्यावर गांधीलमाशीची ॲलर्जी, कौनिस सिंड्रोम, घटनेची तारीख, त्या वेळी कोणतं औषध दिलं आणि कशाने फरक पडला, एवढं मराठीत आणि इंग्रजीत लिहा. ॲलर्जीतज्ज्ञांकडे जाताना त्या दिवशीच्या सगळ्या इसीजींच्या प्रती न्या, फक्त डिस्चार्ज कार्ड नको. इसीजीच्या कागदावरचा मजकूर महिन्यांनी पुसट होतो, म्हणून त्यांचे फोटो आजच काढून ठेवा.